म्हणे, नॉर्वेत कोणी कर भरत नाही!

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरणारा नॉर्वेविषयीचा संदेश भाचीने खरा मानून महाविद्यालयाच्या निबंधात उतरवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. त्या संदेशानुसार तेल सापडताच नॉर्वेच्या सरकारने प्रत्येकाच्या नावे तीन कोटी रुपये ठेवले, तेथे कर नाही, शिक्षण व उपचार तेलामुळेच फुकट मिळतात. मग मुंबईजवळच्या समुद्रातले बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र असताना आपण तरी कर का भरायचा, असा त्याचा सवाल.

कर नसल्याचे विधान निखालस खोटे आहे. नॉर्वेत बहुतेक वस्तूंवर २५ टक्के मूल्यवर्धित कर आहे, आयकर आहे, संपत्तीवरही कर आहे. तेल कंपन्यांच्या नफ्यावर तर ७८ टक्के. तेलातून सरकारला मिळणारे उत्पन्न १९९० च्या कायद्याने निर्माण झालेल्या निधीत जमा होते आणि देशातील महागाई भडकू नये म्हणून तो पैसा फक्त परदेशांत गुंतवला जातो. २००१ मध्ये ठरलेल्या नियमानुसार सरकारने निधीच्या सरासरी ४ टक्केच रक्कम दरवर्षी खर्चावी असे बंधन आले, आणि २०१७ मध्ये ते ३ टक्क्यांवर आणले गेले. थोडक्यात, मुद्दल मोडायचे नाही. तीन कोटी हा निधीला लोकसंख्येने भागून काढलेला आकडा आहे. त्यातला एक क्रोनरही (नॉर्वेचे चलन) कोणा नागरिकाला काढता येत नाही.

आजच्या सरकारी खर्चाचा पाचवा ते चौथा हिस्सा या निधीतून येतो, एवढे मान्य करावेच लागेल. मात्र नॉर्वेच्या समुद्रातील एकोफिस्क या क्षेत्रात तेल सापडले १९६९ मध्ये, आणि राष्ट्रीय सामाजिक विमा लागू झाला होता १९६७ मध्ये. सात वर्षांच्या सार्वत्रिक शाळेचा कायदा तर १८८९ चा. जे तेलाच्या आधीच उभे होते, त्याचे श्रेय तेलाला कसे देणार? नुसत्या तेलाने भागत असते, तर जगातील सर्वांत मोठे सिद्ध साठे असलेल्या व्हेनेझुएलातून सत्तर लाखांहून अधिक लोकांनी देश सोडला नसता. तेथेही १९९८ मध्ये असाच राखीव निधी काढला होता. तो पुढे रिकामा केला गेला.

राहता राहिले बॉम्बे हाय. १९७४ मध्ये सापडलेल्या या क्षेत्रासह साऱ्या भारताचे उत्पादन दिवसाला सुमारे सहा लाख पिंपे, गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयातीचे, आणि लोकसंख्या नॉर्वेच्या ५५ लाखांसमोर १४० कोटी. भागाकाराची एवढी आवड असणाऱ्यांनी हाही एकदा करून पाहावा.