धडधडीच्या गोळीबाबत खुलासा
‘धडधड थांबली की अमिओडॅरोनची गोळी लगेच बंद करा, ती थायरॉइड बिघडवते,’ हा संदेश आपल्या गावच्या ग्रुपवर फिरत असून, काल एक काकू अर्धी उरलेली स्ट्रिप माझ्या औषध दुकानात परत घेऊन आल्या. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असल्याने थायरॉइड बिघडू शकतो, हे खरेच आहे. मात्र त्यासाठीच दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी करायची असते. हे औषध बंद केल्यावरही कित्येक आठवडे अंगात राहते, म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि पुढे ठोके पुन्हा बिघडू शकतात. ही गोळी चालू असताना कोरडा खोकला झाल्यास किंवा दम लागल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे. या गोळीने कातडी उन्हात लवकर भाजते, तेव्हा कापूस वेचताना हात-तोंड झाकावे. तो संदेश कृपया कोणीही पुढे पाठवू नये.