हार्मोन न बनवणारी गाठ म्हणजे ‘मुका कॅन्सर’ नव्हे

“किडनीवरची गाठ हार्मोन बनवत नसेल तर तो मुका कॅन्सर. लगेच सुई टोचून तुकडा तपासा. दुर्लक्ष करू नका, सहा महिन्यांत अंगभर पसरतो. बीपीच्या गोळ्या बंद करा, अश्वगंधाचा काढा घ्या.” व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा मेसेज दादरच्या माझ्या मावशीपर्यंत पोचला. मुतखड्यासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये तिला दोन सेंटिमीटरची अ‍ॅड्रिनलची गाठ दिसली होती. आता तिची झोप उडालीय आणि माझं डोकं फिरलंय.

एक तर ही गाठ किडनीवर नाही, किडनीच्या माथ्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत आहे. पन्नाशीनंतर पोटाचं स्कॅन केलं की अशा गाठी सर्रास सापडतात आणि बहुतेक साध्याच निघतात. अ‍ॅड्रिनलचा खरा कॅन्सर वर्षाला दहा लाखांत एखाद-दोघांना होतो. गाठ जादा हार्मोन सोडत नसेल तर बरंच की! बीपी, साखर, हाडं बिघडवते ती कॉर्टिसॉल किंवा अल्डोस्टेरॉन ही हार्मोन्स ओतणारी गाठ.

मग कॅन्सर नाही हे कसं कळतं? स्कॅनवरूनच. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोक्रिनॉलॉजीच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: डाय न देता काढलेल्या सीटीत गाठ एकसारखी दिसली आणि घनता 10 हाऊन्सफिल्ड युनिट (सीटीत घनता मोजायचं एकक) किंवा त्याहून कमी असली तर ती साधी, मग आकार कितीही असो. पुन्हा स्कॅनचीही गरज नाही. मावशीच्या रिपोर्टात 4 लिहिलंय. मेसेजवाल्याने रिपोर्ट उघडला तरी होता का?

सगळ्यात संतापजनक म्हणजे ती सुई. गाठ फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनसारखी हार्मोन्स बनवणारी, असली तर सुई लागताच अ‍ॅड्रेनलिनचा लोंढा सुटून बीपी आभाळाला भिडतं. माणूस दगावू शकतो. शिवाय त्या तुकड्यावरून साधी गाठ आणि अ‍ॅड्रिनलचा कॅन्सर यांतला फरक खात्रीने सांगताही येत नाही. दुसरीकडचा कॅन्सर इथे पसरल्याची शंका असेल अशा मोजक्याच वेळी सुई वापरतात, तीही फिओ नाही हे तपासल्यावर.

बीपीच्या गोळ्यांत अर्धं सत्य आहे, मान्य. अल्डोस्टेरॉनच्या तपासणीआधी कधीकधी काही गोळ्या बदलाव्या लागतात, पण ते डॉक्टर ठरवतात, फॉरवर्ड नाही. काढ्याने गाठ विरघळत नाही, विषय संपला.

“दुर्लक्ष करू नका” एवढं मात्र बरोबर आहे. चार सेंटिमीटरहून मोठी, एकसारखी नसून ठिगळं जोडल्यासारखी दिसणारी गाठ सर्जनला दाखवावीच लागते. आणि गाठ हार्मोन बनवत नाही हे गृहीत धरायचं नसतं: रात्री अकराला एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (कॉर्टिसॉल दाबणारी गोळी), सकाळी रक्तातलं कॉर्टिसॉल. ते दर डेसिलिटरमागे 1.8 मायक्रोग्रॅमच्या वर राहिलं तर पुढची चौकशी. त्यासाठी एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर गाठा; परळच्या केईएममध्ये त्यांचा स्वतंत्र विभाग आहे. जाताना नुसता रिपोर्ट नको, स्कॅनची सीडी न्या.