नाग नदी महापालिकेच्या हद्दीवर थांबत नाही

न्यूझीलंडमध्ये १९८९ साली प्रादेशिक परिषदांच्या, म्हणजे तिथल्या विभागीय स्थानिक संस्थांच्या, हद्दी मुख्यतः नद्यांच्या पाणलोटाप्रमाणे (ज्या भागातलं पाणी एका नदीत येतं त्याप्रमाणे) आखल्या, नद्यांच्या कारभारावरच्या तुमच्या लेखातला हा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटला. आमची नाग नदी अंबाझरीहून शहरात शिरते, नागपूरचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं जातं भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात. शहराच्या पूर्व टोकाला पारडीच्या पुढे एखाद्या पुलावर उभं राहून बघा. काळं पाणी, वर फेस, आणि काठावर त्याच पाण्यात मोटार टाकून पिकवलेली भाजी! मोजमाप होतच नाही असं नाही; भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेतात. पण नदीचे आकडे एका कार्यालयात, विहिरींचे दुसऱ्या, धरणाचे तिसऱ्या. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला ते एका जागी, मराठीत, दर महिन्याला मिळालेच पाहिजेत.