शत्रू कोण ते आधी सांगा

नेपोलियनच्या काळातल्या सैनिकांच्या कादंबऱ्यांचं मला व्यसन लागलंय. ऑफिसातल्या एका मित्राने "नुसतं चाळून बघ" म्हणून पहिलं पुस्तक दिलं आणि रात्री अडीचला मी स्पेनमध्ये, साल १८१२, बादाहोसचा तट, शिड्या लावून इंग्रज वर चढतायत आणि मी पांघरुणात "हाण, हाण" करतोय. सकाळी डबा घरीच विसरलो.

हिरो हिरव्या डगल्यातला रायफलवाला. पावसात, चिखलात झोपतो पण ह्या बाबाला साधी शिंक येत नाही. मी गणपतीत मंडपात एक रात्र काढली तर आठवडाभर वाफारा घेत होतो.

साधे शिपाई म्हणे मस्केटचे, म्हणजे ठासणीच्या लांब बंदुकीचे, मिनिटाला तीन बार काढायचे. काडतुसाचा कागद दातानं फाडा, रंजक (पेटवणीची चिमूटभर दारू) भरा, उरलेली दारू नळीत, मग गोळी न् कागद, गजानं ठासा, गज जागेवर ठेवा, मग नेम (तो तसाही लागायचा नाही). मी मोबाईलवर टायमर लावून कुंच्याच्या दांड्यावर करून बघितलं. एका बाराला अठ्ठेचाळीस सेकंद, तेही गज आतच राहिला. खऱ्या लढाईतही घाईत असं व्हायचं आणि गज गोळीबरोबर उडून जायचा, मग बसा बोंबलत. बायको दारात उभी होती. काही बोलली नाही, फक्त कुंचा घेऊन गेली.

खरी पंचाईत दिवाळीत जालन्याला सासुरवाडीत झाली. पुढच्या पुस्तकात गोष्ट मागे जाते, १८०३ मध्ये, आणि हिरो थेट आपल्याकडे! समोर शत्रूच्या राहुट्या. शत्रू कोण तर शिंदे आणि नागपूरकर भोसले. लढाई असईची, म्हणजे ह्याच जिल्ह्यातली. आता हाण म्हणू तरी कोणाला? फ्रेंचांना मारताना कधी विचार केला नव्हता, त्यांनी तरी माझं काय घोडं मारलं होतं? बरं, बाजू बदलावी तर शिंद्यांच्या कवायती पलटणींवर सेनापती जर्मन, हॅनोव्हरचा पोलमन, आणि इंग्रजांकडे मद्रासचे शिपाई, वर पेशव्यांच्या बाजूचे मराठी स्वारसुद्धा. डोक्याचा पार भुगा.

"जावईबापू, एवढं काय वाचताय?" सासऱ्यांनी विचारलं. मी रंगात येऊन सांगायला लागलो की इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, तोच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन, केळणा नदीशी अडला, वाटाडे म्हणाले नदी ओलांडायला उतार नाही, पण ह्याने बघितलं की दोन्ही काठांवर समोरासमोर गावं आहेत, म्हणजे उतार असणारच, आणि तिथूनच फौज पलीकडे काढली. केवढी बुद्धी!

सासऱ्यांनी सुपारी कातरणं थांबवलं नाही. "ह्यात कसली बुद्धी? समोरासमोर गावं म्हणजे सोयरिकी असणार. वऱ्हाड काय पोहत जायचं?"

लढाईत वेलस्लीचे पंधराशेच्या वर मेले आणि जखमी झाले. आयुष्यात सगळ्यात चांगलं काय लढलास असं म्हातारपणी विचारलं तर त्याने वॉटर्लू नाही, असई सांगितलं. हे मी जरा छाती काढूनच सांगितलं.

"मग जिंकलं कोण आपल्यात?" सासूबाई चिवडा पुढे करत म्हणाल्या.

पुस्तक संपायला चार पानं उरली होती.

"अजून तिथवर आलो नाही," मी म्हणालो आणि बकाणा भरला.