अण्णाभाऊ मोठ्यानं वाचा

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस वाचायचं नाही, टीव्हीही नाही. तिला करमेना, म्हणून मी रोज संध्याकाळी अण्णाभाऊ साठेंची ‘फकिरा’ कादंबरी वाचून दाखवायला सुरुवात केली. पुण्यात बिबवेवाडीतलं आमचं दोन खोल्यांचं घर, खाली भाजीवाल्याची हाक, आई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली. फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी, म्हणजे जत्रेचा मान, आणायला जातो, तिथं आले आणि शेंगा फुटायचा आवाज बंद झाला. मान वर करून बघितलं तर तिची चिमटी अर्ध्या शेंगेवर तशीच थांबलेली.

“ते परत वाच गं. सावकाश.”

परत वाचलं. कॉलेजात मी हीच कादंबरी मनातल्या मनात वाचली होती, परीक्षेपुरती. ती अर्धीच वाचली होती हे काल कळलं. मोठ्यानं वाचताना वाक्यं श्वासाच्या मापाची निघतात. आखूड, आणि शेवटच्या क्रियापदावर डफावर थाप पडावी तसा ठोका.

आपण अण्णाभाऊंच्या दोन वाटण्या केल्यात, असं मला फार मनापासून वाटतं. शाहीर जयंतीच्या स्टेजवर, कादंबरीकार अभ्यासक्रमात. माणूस मात्र एकच होता. वाटेगावात १९२० साली जन्म, शाळा जेमतेम दीड दिवसाची, बापाबरोबर पायी मुंबई, मग मिळेल ते काम. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक. तमाशाच्या गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन करणारा हा माणूस. (नुसत्या या एका बदलावर कुणीतरी अख्खं पुस्तक लिहायला हवं.)

‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड, म्हणजे शाहिरी गाणं, नीट ऐका. सुरुवात अगदी घरगुती आहे. पोटासाठी मुंबईला निघालेला नवरा आणि मागं राहिलेली बायको. आपण त्या ताटातुटीत गुंतत जातो. मग मुंबई येते, तिची श्रीमंती, तिची गर्दी. आणि शेवटाकडं तो म्हणतो, माझी नि मैनेची जी गत, तीच या तुटलेल्या महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्यानं एका बाईच्या विरहातून मांडली. ऐकणाऱ्या गिरणी कामगाराला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही, त्याची स्वतःची मैना गावीच होती.

आता १९५९ चा ‘फकिरा’ घ्या. रचना तीच! आधी एका घरातलं मरण, राणोजीचं. मग ते दुःख पसरत जातं. दुष्काळ, मांगवाड्याची उपासमार, इंग्रजांनी मांगांवर लादलेली रोजची हजेरी, आणि अखेर आपल्या माणसांसाठी फकिराचं स्वतःहून हजर होणं. एकाचं दुःख सगळ्यांचं करायची ही हातोटी त्यांनी छक्कडीतून कादंबरीत आणली. अर्पणपत्रिका तर बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला आहे. डफाबरोबर वाढलेल्या माणसानं लेखणीला केलेला तो मुजरा आहे.

या कादंबऱ्या भडक आहेत, सिनेमासारख्या आहेत, असं मी वर्गातही ऐकलंय आणि साहित्याच्या गप्पांतही. मला ते अजिबात पटत नाही. गिरणीतली पाळी संपवून आलेल्या थकलेल्या माणसाला रात्री दोन तास जागेवर बसवून ठेवायचं असेल, तर प्रसंग उभा करावाच लागतो. पोवाड्यात नायक मरणार हे आधीच माहीत असतं, तरी माणसं उठत नाहीत. ते कसब ज्याच्या हाडात होतं, त्याला एकट्यानं मुक्यानं वाचायच्या कादंबरीचं माप का लावायचं?

तीसहून जास्त कादंबऱ्या, शिवाय कथा, लोकनाट्यं, रशियाचं प्रवासवर्णन. १८ जुलै १९६९ ला गेले, तेव्हा ४९ वर्षंही पूर्ण नव्हती. चौदा दिवस कमी होते.

१ ऑगस्टला सारसबागेजवळच्या पुतळ्यापाशी माणसांची रीघ लागते. आईबापांच्या खांद्यावर बसून आलेली पोरं बघून माझा ऊर भरून येतो. एकच वाटतं. त्या दिवशी तिथं कुणीतरी माइक हातात घ्यावा आणि ‘फकिरा’चं एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावं. भाषण नको. वाचायला कुणी नसेल तर मी येते.

आज फकिरा खजिना लुटायला निघणार आहे. आईनं शेंगा दुपारीच फोडून ठेवल्यात.