लॉस एंजेलिस आणि पासाडेना: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार दिलात. तक्रार अशी, की दोन्ही शहरं एकमेकांना लागून, कॅलिफोर्नियाचा कायदा एकच, तरी तुमच्या दोन प्लॉटवर किती घरं बांधता येतील याचे आम्ही दोन वेगळे रिपोर्ट करून दोनदा फी घेतली. वर त्यात परवडणारी घरं ‘घुसवून’ तुमचा नफा खाल्ला. बडोद्यातून तिकडे प्लॉट घेतलेले इतरही हे वाचतील, म्हणून इथेच लिहिते.

आपल्याकडे जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण) जंत्रीच्या, म्हणजे सरकारी जमीनदराच्या, हिशेबाने पैसे भरून मिळतो. तिथे त्याची किंमत परवडणाऱ्या घरांच्या रूपाने मोजावी लागते. राज्याचा ‘डेन्सिटी बोनस’ कायदा, म्हणजे परवडणारी घरं दिली की मूळ मर्यादेपेक्षा जास्त घरं बांधू देणारा कायदा, 1979चा. पाच किंवा जास्त घरांच्या प्रकल्पाला तो सगळीकडे लागू, पण तो फक्त किमान हक्क देतो. त्यावर किती द्यायचं आणि बदल्यात काय मागायचं, हे प्रत्येक शहर आपापलं ठरवतं.

तुमच्या प्रत्येक प्लॉटवर मुळात 20 घरं बसतात. राज्याच्या नियमाने त्यातली 15 टक्के, म्हणजे 3, अतिअल्प उत्पन्नवाल्यांना दिली की 50 टक्के बोनस: एकूण 30. लॉस एंजेलिसचा रिपोर्ट केला तेव्हा तिथे 2017ची टीओसी योजना (मेट्रो-बसजवळच्या प्रकल्पांना जास्त बोनस देणारी) होती. तिच्या मेट्रोजवळच्या चौथ्या, म्हणजे सर्वात वरच्या श्रेणीत बोनस 80 टक्के, म्हणजे 36 घरं. पण तिथे 15 टक्के मोजायचे ते मूळ 20वर नाही, पूर्ण 36वर. येतात 5.4, आणि अपूर्णांक नेहमी वरच जातो, म्हणून 6. तुम्ही आमची बेरीज चुकली म्हणालात ती हीच जागा. एका शहराचा तक्ता दुसऱ्याला चिकटवला असता, तर तुमचा अर्ज खिडकीवरूनच परत आला असता.

पासाडेनात तर बोनस घ्या वा न घ्या, दहा किंवा जास्त घरं बांधली की सहसा 20 टक्के परवडणारी द्यावी लागतात. तुमची 4. ती मी घातलेली नाहीत. उलट सक्तीची घरंही बोनससाठी धरायला हवीत, हे नापा काउंटीच्या खटल्यात 2013 साली कोर्टाने सांगितलं, आणि त्याच आधारावर तुमच्या 4 पैकी 3 घरांवर मी पूर्ण 50 टक्के मिळवून दाखवले आहेत. रिपोर्टचं ते पान कृपया पुन्हा पाहा. लॉस एंजेलिसमध्ये अशी सरसकट सक्ती नाही, पण ही घरं न देणाऱ्या प्रकल्पावर सहसा लिंकेज फी (परवडणाऱ्या घरांच्या निधीसाठीचं शुल्क) बसते.

आणि नफ्याचं म्हणाल, तर 30 मधली 10 घरं त्या 3 परवडणाऱ्या घरांमुळेच उभी राहतात. परवडणारी घरं भाड्याची असली तर ती किमान 55 वर्षं त्याच उत्पन्नगटासाठी राखायची असतात. तिथे कुणाची तरी मुलं वाढणार आहेत. त्यांना ‘घुसवलेली’ म्हणू नका, ही माझी मनापासून विनंती.

फी परत करणार नाही. दोन्ही कामं वेगळी होती. मात्र फेब्रुवारी 2025 पासून लॉस एंजेलिसने टीओसीच्या जागी नवे नियम आणले आहेत. अर्ज अजून दिला नसेल तर तो हिशेब मी फी न घेता नव्याने करून देते. ऑफिसात फोन करा.

— संचालिका, दांडिया बाजार, बडोदा