आपल्यातला ऑडिटर

"बाहेरच्याला आपलं कामकाज काय कळणार? इंटर्नल ऑडिटर, म्हणजे संस्थेचा आतला तपासनीस, आपल्यातलाच बरा." मामांनी घरच्या ग्रुपवर हे टाकलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मामा तालुक्यातल्या एका पतसंस्थेचे संचालक आहेत आणि मी फ्रँकफर्टमध्ये एका बँकेच्या इंटर्नल ऑडिटमध्ये नोकरी करतो. त्यामुळे ही रांग मला जरा जास्तच झोंबली.

विषय निघाला होता मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवरून. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेची माणसं रोकड मोजायला गेली आणि १२२ कोटी रुपये जागेवर नव्हते. प्रभादेवीच्या तिजोरीत जेमतेम १० कोटी मावतात, असं तपासात निघाल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे कागदावर शंभर कोटींहून जास्त आणि तिजोरी दहाची! हे ओळखायला सीए व्हावं लागत नाही. कुणीतरी किल्ली मागून तिजोरीसमोर उभं राहावं लागतं. किल्ली मागायची कुणी, एवढाच प्रश्न असतो. साहेब आपलेच, वीस वर्षांची ओळख, वर चहा मागवलेला.

मामांचं उत्तर ठरलेलं: "आमच्या संस्थेला ऑडिट वर्ग 'अ' आहे." हो, दाराशी पाटीच आहे तशी. पण मामा, तो वर्ष उलटल्यावर बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून मिळालेला शेरा आहे. तारणातलं सोनं खरंच सोनं आहे का, तीन भावांच्या नावावरची तीन कर्जं मुळात एकाच माणसाची आहेत का, कॅशियर रजेवर असताना त्याच्या पासवर्डने नोंदी कोण टाकतं, हे वर्ष चालू असतानाच बघायचं असतं. इंटर्नल ऑडिट म्हणजे तेवढंच, आणि ते कुणालाच आवडत नाही.

मी शिरलो की आमच्या मजल्यावरच्या कॉफीच्या मशीनपाशी गप्पा थांबतात. फायरआबेंडनंतर, म्हणजे काम सुटल्यावर, बिअरला मला कुणी विचारत नाही. कायद्याने आम्ही व्यवस्थापनाच्याच हाताखाली, पण आउफझिश्ट्सराटचा, म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष आमच्या प्रमुखाला थेट बोलावून विचारू शकतो, आणि हे सगळ्यांना ठाऊक असतं. "इथे असं आहे, तिथे का नाही?" असं मी ग्रुपवर जरा ऐटीतच लिहिलं. त्यावर मामेभावाने एकच शब्द टाकला: वायरकार्ड.

तो शब्द निघू नये असं मला फार वाटत होतं. म्युनिकजवळच्या आशहाइमची ही कंपनी २०१८ मध्ये डाक्स या जर्मनीतल्या बड्या कंपन्यांच्या शेअर निर्देशांकात गेली आणि २०२० मध्ये तिचे १.९ अब्ज युरो बहुधा अस्तित्वातच नाहीत, असं निघालं. त्याआधी इथल्या वित्तीय नियामकाने तक्रार केली होती ती कंपनीतल्या गडबडीवर लिहिणाऱ्या पत्रकारांविरुद्ध. 'आपली कंपनी' म्हणून पाठीशी घालणं जर्मनांनाही छान जमतं. शिस्त, वक्तशीरपणा, फायलींवरचे रंगीत पट्टे, सगळं जागच्या जागी होतं.

आपल्याकडे नियमांची वानवा नाही. सत्यम या आयटी कंपनीच्या घोटाळ्यानंतरच्या २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३८ आलं आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना इंटर्नल ऑडिटर नेमणं सक्तीचं झालं. ५०० कोटी किंवा त्याहून जास्त मालमत्ता असलेल्या नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जोखमीवर आधारित इंटर्नल ऑडिट लागू केलं. पण सत्यमच्या खटल्यात २०१५ मध्ये हैदराबादच्या न्यायालयाने ज्या दहा जणांना दोषी ठरवलं, त्यांत इंटर्नल ऑडिटचा माजी प्रमुखही होता. आपल्यातलाच.

इथवर माझी बाजू भक्कम आहे. आता जे सांगतो ते मामांना कुणी सांगू नका. मिसिसिपीतल्या क्लिंटन या लहानशा गावात वर्ल्डकॉम या अमेरिकन टेलिफोन कंपनीचं मुख्यालय होतं. तिथल्या इंटर्नल ऑडिटची प्रमुख सिंथिया कूपर त्याच गावात लहानाची मोठी झालेली. २००२ मध्ये तिच्या टीमने ३.८ अब्ज डॉलरचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवल्याचं पकडलं. अर्थप्रमुख म्हणाला, जरा थांबा. ती थांबली नाही, संचालक मंडळाच्या ऑडिट समितीच्या अध्यक्षाकडे गेली. गाव तिचंच होतं, पण जायला एक दार होतं. पतसंस्थेतला तपासनीस कुठे जाणार? त्याचा अहवाल मॅनेजरच्या टेबलावर आणि पगाराच्या कागदावर सहीही त्याच मॅनेजरची.

आणि माझा हा ताठ कणा तरी कुठला? इथे कुणाच्या लग्नात मला समोरासमोर यायचं नाही. माझ्या वडिलांना कुणी जामीन राहिलेलं नाही. बँकेतल्या लोकांना मी परका, म्हणून लेखणी चालते. तालुक्यात राहिलो असतो तर अशाच एखाद्या कर्जाखाली मीही 'यापुढे दक्षता घ्यावी' एवढं लिहून चहा प्यायलो असतो. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण इथे भीड धरायला आपलं माणूसच नाही. हा काही फार मोठा गुण नव्हे, आणि पगाराच्या चिठ्ठीत त्याची भरपाईही येत नाही.

कॉलेजात असताना मामांनीच मला त्या पतसंस्थेचा सभासद केलं होतं. ते शेअर मी अजून परत केलेले नाहीत. लाभांश किरकोळ आहे, त्यासाठी नव्हे. सभेची नोटीस घरी येते, तीवर माझं नाव असतं. यंदा मामांना लेखी विचारलंय: अंतर्गत तपासणीचा अहवाल संचालक मंडळापुढे जसाच्या तसा येतो, की मॅनेजरकडून चाळून येतो? मामांचं उत्तर आलं, "सप्टेंबरात सभेला ये, मग विचार."